पेनाचं टोपण

नौपाड्यातल्या एका दवाखान्यात मी पेशंटची नावं नोंदवते. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं लागायची आणि बोलणी मी खायचे. डॉक्टर म्हणाले, "म्हातारा झालाय, नवा घेऊ."

तपासायला डोंबिवलीहून एक बाई आल्या. ओढणी कमरेला खोचून त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि घड्याळाकडे बघत नुसत्या बसून राहिल्या. मग नेटवर्कची वायर काढून त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा लावला. तो लगेच सुरू झाला.

"जुना सर्व्हर कुठाय?"

"दिवाळीत भंगारात दिला," मी म्हणाले.

"याला कुणी कळवलंच नाही. रोज त्याचं नाव घेऊन शोधतो आणि उत्तराची वाट बघत बसतो."

त्यांनी सेटिंगमधून ते नाव काढलं आणि वायर जोडली. आता कुठेच अडलं नाही.

"तरी नवाच हवा असं लिहून द्या, दवाखान्यातल्या माझ्या पार्टनरला दाखवायला," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "जे बिघडलं नाही, ते बिघडलंय असं मी लिहीत नाही."

गुढीपाडव्यानंतर डॉक्टरांनी माझ्यापुढे राजीनाम्याचा कागद ठेवला. "वय झालं, स्लो झालात तुम्ही."

मी पेनाला टोपण लावलं.

"काय बिघडलंय ते आधी दाखवा."