डोळ्यांदेखतचं दूध

ज्ञानूमामाचा कुणावरच विश्वास नव्हता. पिशवीतल्या दुधावर नाही, डेअरीच्या टँकरवर नाही, आणि परदेशाशी व्यापाराचा करार होणार म्हणून टीव्हीवर सांगणाऱ्या टायवाल्यावर तर मुळीच नाही. उभा जन्म त्यानं गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस आणून बांधली, गिऱ्हाइकासमोर पिळली आणि फेसाळ ग्लास हातात दिला. "बघून प्या," एवढंच त्याचं म्हणणं.

कराराची बातमी आल्यापासून तर त्याला चेवच चढला होता. "तिकडं गायीला मांसाचा भुगा घालत्यात म्हणं," तो येईल त्याला सांगे. "आपलं सरकार म्हणतंय, तसलं काय घातलं न्हाय म्हणून दाखला दावा, मग पाठवा दूध. तर ते म्हणत्यात, ही व्यापाराला आडकाठी हाय. पोरं आमची, पोटं आमची, आन् आम्ही इचारायचं न्हाय व्हय? दाखल्याला भितोय त्याच्या मनात काळंबेरं असणारच की."

वर्षाराणी हे रोज ऐके. ती कागलच्या एमआयडीसीत, मसाले परदेशात पाठवणाऱ्या कंपनीत कामाला होती. कामावर जाण्याआधी आपल्या छोट्या मोनाला दूध पाजायला कट्ट्यावर यायची.

"मामा, आमच्या मालाला तेबी असंच इचारत्यात," ती एकदा म्हणाली. "फवारणीच्या औषधाचा अंश घावला की कंटेनर माघारी."

"ते अडवायचं निमित्त असतंय," मामा म्हणाला. "आपल्या मालात काय खोट असणार?"

पुढच्याच आठवड्यात म्हशीला दगडी झाली. कास सुजून टणक, दुधात गाठी. जनावरांच्या डॉक्टरनं सुई टोचली आणि बजावलं, "औषध दुधात उतरतंय. चार दिवस हे दूध कुणाला घालू नका." मामाला डॉक्टरचाच संशय आला. ह्याचं त्या पिशवीवाल्यांशी साटंलोटं असणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी कास मऊ पडली, दूध पांढरंशुभ्र आलं. "डॉक्टर चार दिस म्हणालेत," बायको धोंडुबाईनं आठवण केली.

"माझं डोळं फुटल्यात काय? चांगलं दिसतंय की," म्हणत मामानं म्हैस कट्ट्यावर नेली.

पहिलं गिऱ्हाईक मोनाच. ग्लास भरला तशी वर्षाराणी हसून म्हणाली, "मामा, दाखला? काय टोचलंबिचलं न्हाय न्हवं?" चेष्टाच ती. सवय मामानंच लावलेली.

"न्हाय," मामा म्हणाला.

वर्षाराणीनं लगेच ग्लास घेऊन मोनाच्या हातात दिला. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसावर ही पोरगी डोळे मिटून विश्वास ठेवत होती. मोनानं ग्लास ओठाला लावला, तोच मामानं तो हिसकावून रस्त्यावर ओतला.

"टोचलंय," तो म्हणाला. "कालच. पाजू नको लेकराला."

मोना रडायला लागली. उभी असलेली गिऱ्हाइकं शेजारच्या जोतीरामच्या म्हशीकडं सरकली. वर्षाराणी पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं.

चार दिवस भरल्यावर मामानं म्हैस पुन्हा आणली. वर्षाराणी आली, पण ग्लासाला हात लावीना.

"आता साफ हाय पोरी. धार बघ की."

"बघून कळत न्हाय मामा. डॉक्टरांचा दाखला आणा."

मामाचं टाळकं सरकलं. "माझ्या शब्दाला काय किंमत हाय का न्हाय?"

"परदेशातला कुणी असं म्हणाला, तर तुम्ही घ्याल त्याचं दूध?"

जोतीराम गालातल्या गालात हसत होता. मामानं न पिळताच म्हैस सोडली आणि दावं ओढत, स्वतःशीच पुटपुटत डॉक्टरच्या दवाखान्याची वाट धरली.