वाटेला मिळालेली परदेशी बहीण

आमच्या डोंगरातल्या वाटेला स्कॉटलंडमधली एक बहीण मिळाली, तेव्हापासून माझी काकी मेंढ्या घेऊन हमरस्त्यानं जाते. ही गोष्ट मी ज्याला सांगते तो हसतो. त्यात हसण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

आमचं गाव तामलवाडीजवळ. गावामागं डोंगर, डोंगरापलीकडं पाझर तलाव. तलावाकडं जाणारी वाट कुणी बांधलेली नाही. आमच्या मेंढ्यांच्या खुरांनी ती पडली. वडील आणि चुलते याच वाटेनं कळप नेत. चुलते गेले आणि काकीनं काठी हातात घेतली. मी बीएड करून जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. रविवारी मात्र मीही तिच्याबरोबर डोंगर चढायची.

मग शहरातल्या काही हौशी लोकांना ती वाट 'सापडली'. हा शब्द त्यांचा. त्यांनी समिती काढली, दगडांवर पिवळे बाण रंगवले. माझी ना नव्हती. डोंगर चढून कुणाचं पोट कमी होत असेल तर होऊ दे. पुढं त्यांनी स्कॉटलंडमधल्या एका डोंगरवाटेशी करार ठरवला. दोन वाटा बहिणी-बहिणी. इथल्या पाटीवर तिथला फोटो, तिथल्या पाटीवर इथला. तिकडचे चालणारे इकडं येणार, इकडचे जमेल तेव्हा तिकडं जाणार. सही करायला पाहुणे येणार म्हटल्यावर समितीनं डोंगराचं लग्नघर करून टाकलं.

वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं, त्याला कुलूप लागलं. रोजंदारीच्या बायका लावून लेंड्या झाडून काढल्या. डोंगर झाडला हो यांनी! मंत्री यायचा असला की मारतात तशी दोन्ही कडांना पांढरी फक्की मारली. आणि मेंढ्यांना बंदी. समितीचे अध्यक्ष शाळेत येऊन मला म्हणाले, "मॅडम, काकींना जरा समजून सांगा. परदेशी माणसं हायती, लेंड्या तुडवीत चालतील व्हय? पाव्हणे गेले की बघू."

"मग मेंढ्या पाण्याला कुठून जाणार?"

"रोड हाय की."

रोड आहे. चौपदरी आहे. रात्रंदिवस ट्रक आहेत. मेंढीला दुभाजक काय कळणार? पहिल्याच आठवड्यात दोन गाभण मेंढ्या ट्रकखाली गेल्या. मी पोचले तेव्हा काकी डांबरावर फतकल मारून एकीचं पोट चाचपत होती, आत पिल्लू हलतंय का बघत. मी तशीच समितीकडं गेले. "झालं ते लई वाईट झालं," असं म्हणून अध्यक्षांनी चहा मागवला. मी चहाला हात न लावता उठले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं आपण म्हणतो. इथं तर व्याह्यानं काही धाडलंच नव्हतं. न आलेल्या घोड्यासाठी आम्ही घरच्यांना बाहेर काढलं होतं.

इंग्रजी येतं म्हणून दुभाषी मलाच नेमलं. मी साफ नाही म्हणणार होते. काकी म्हणाली, "जा की गं. तिथं आपलं कुणीतरी असू दे."

दोन पाहुणे आले, साठीच्या पुढची बाई आणि तिचा नवरा. हलगी वाजली, फेटे बांधले, शाल-श्रीफळ झालं. मग फक्कीच्या मधून सगळी मिरवणूक चढायला लागली. अर्ध्या वाटेवर एका बोरीखाली ती बाई थांबली. दगडाच्या फटीत झाडूवाल्यांच्या नजरेतून सुटलेल्या चार लेंड्या होत्या. तिनं एक उचलली, चिमटीत चुरली आणि एकदम खुलली. मला म्हणाली, "मेंढ्या कुठं आहेत?"

तिच्या घरी मेंढ्या होत्या. त्यांची ती वाटही मेंढ्यांचीच. तिथं चालणारे लोक एका चिंचोळ्या दारातून एकेक करून आत येतात आणि मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून दार नीट लावलं नाही तर बोलणी खातात.

अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, "लांब चरायला गेल्यात म्हणून सांगा."

मी तिला सगळं सांगितलं. फाटक, बंदी, रोड, त्या दोन मेंढ्या. तिचा चेहरा लालेलाल झाला. ती अध्यक्षांना जे बोलली त्याचं मी शब्दन् शब्द मराठी केलं, वर दोन माझ्या पदरचेही घातले. बरं वाटलं.

मग फोनाफोनी झाली. कुलूप निघालं, काकीला कळपासकट बोलावणं गेलं. मेंढ्या त्या फक्कीवरून धावत वर आल्या. पाहुणीनं एका मेंढीचं तोंड उघडून दात पाहिले. काकीनं दुसरीचा खूर उचलून दाखवला. दोघींना माझी काही गरज पडली नाही. फोटो निघाले, सह्या झाल्या. मेंढ्यांसाठी वाट उघडी राहील ना, असं पाहुणीनं निघताना विचारलं. अध्यक्षांनी मान हलवली. मान हलवायला आपल्याकडं काय जातंय?

गाडी वळणाआड गेली आणि कुलूप परत लागलं.

"आता लोक येत राहतील, मॅडम. स्वच्छता ठेवावी लागंल. मीटिंगमधी घेऊ विषय."

काकी म्हणाली, "फोटूला मेंढरं लागत्यात, अन् पाण्याला न्हाय व्हय?"

अध्यक्ष मोबाईलवर फोटो बघत होते. तो विषय आजवर मीटिंगमध्ये आलेला नाही. मी अर्ज दिले, भांडले, त्यापायी शाळेत साहेबांची बोलणी खाल्ली. गेल्या महिन्यात नवी पाटी आली. दोन देशांचे झेंडे, आणि मधोमध मेंढ्यांच्या गराड्यात उभी असलेली काकी. तशीच पाटी तिकडंही लागली आहे म्हणे. आमच्याकडं ती त्या कुलूपबंद फाटकावरच ठोकली.

रविवारी कळप घेऊन आम्ही तिथून निघालो होतो. काकी थांबली, पाटीजवळ गेली.

"ही म्याच का गं?"

"व्हय काकी, तुमीच."

"म्हंजी फोटूत म्या आत हाय."

ती हसली आणि तिनं कळप रोडकडं वळवला. मला हसू आलं नाही. मी पुढं पळत जाऊन रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी राहिले. एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं मला शिवी हासडली. मी त्याला तिच्याहून घाणेरडी दिली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. खरं तर ती त्या बिचाऱ्यासाठी नव्हती. शेवटची मेंढी पलीकडं जाईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.