पुकाऱ्याच्या वेळी मामा हौदावर

अर्जदार: मी स्वतः, धंदा अर्जनवीसी, बैठक तालुक्याच्या कोर्टासमोरील लिंबाखाली. विषय: माझे मामेसासरे, राहणार मुरुम. तारीख: अनेक पडल्या, येथे शेवटची अभिप्रेत. साक्षीदार: कोर्टाचा पट्टेवाला व खुद्द प्रतिवादी.

कोर्टाला देऊळ मानणारा असा भाविक या जिल्ह्यात दुसरा झाला नाही. आवारात शिरताच मामा चपला काढीत, हौदावर पाय धूत, उंबऱ्याला लावलेला हात कपाळी नेत आणि टायपिस्टलासुद्धा नमस्कार करीत. एकदा मी हटकले, तर म्हणाले, "जावईबापू, तुळजापुरात गाभाऱ्यात चपला घालून जाता का? इथं तर देवी बोलती बी. फकस्त आपल्याला कळत न्हाय." तक्रार रास्त होती. निजामाच्या अमलात निकाल उर्दूत असल्यामुळे कळत नसे. विलीनीकरणानंतर तो इंग्रजीत कळेनासा झाला.

दावा विहिरीच्या पाळीचा होता, धाकट्या सख्ख्या भावावर, आणि तो लावणे मामांच्या मनात कधीच नव्हते. मुलांनी चूल वेगळी करण्याची धमकी दिली, मामींनी अबोला धरला, तेव्हा कुठे मामांनी वकीलपत्रावर अंगठा उठवला. दावा जिंकला की काकाला विहिरीवर पाऊल ठेवू द्यायचे नाही, असा मुलांचा बेत. परंतु दर तारखेला वादी व प्रतिवादी एकाच बैलगाडीतून येत आणि माझ्या शेजारी बसून एकाच फडक्यातली भाकरी खात.

त्या तारखेस पट्टेवाल्याने पुकारा केला. मामा जागेवर नाहीत, म्हणून मी हौदाकडे धावलो. मामा पाय धूत होते. तांब्याने पाणी प्रतिवादी घालीत होता.

"मामा, दुसरा पुकारा झाला."

"चिखल लई हाय, जावईबापू."

दिवस उन्हाळ्याचे होते. मला चिखल दिसला नाही.

धाकटे म्हणाले, "अण्णा, जा की आता. पोरं घरात घ्यायची न्हायती."

"तू पाणी घाल."

तिसरा पुकारा झाला. दावा गैरहजेरीत खारीज झाला.

मुलांनी त्याच दिवशी तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज माझ्याकडून लिहवून घेतला. गैरहजेरीचे कारण मी 'न्यायासनाविषयी निस्सीम आदर' असे घातले. याहून सुंदर वाक्य या हातून उतरलेले नाही. अर्ज अद्याप पडून आहे. मुले मधूनमधून येऊन चौकशी करतात. मामा आता नाहीत. विहिरीवर दोन्ही घरांच्या मोटा अजून आळीपाळीने चालतात, आणि धाकटे आपल्या पाळीला बैल जुंपण्याआधी सावकाश पाय धुतात.

सबब मेहेरबान कोर्टास नम्र विनंती की, सदर अर्जाचे उत्तर इतकी वर्षे जसे दिले नाही, तसेच यापुढेही न देण्याची कृपा व्हावी. अर्जदारास न्याय तेवढ्यानेच मिळेल.