ओमानकडून खेळणारी माझी सून आणि जीबीएस

डॉक्टरांनी रबरी हातोडी दीपालीच्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही हलला नाही. मग त्यांनी तिला हाताची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावली, पुन्हा मारून पाहिली आणि हातोडी खिशात ठेवली. "जीबीएस वाटतो. गियाँ-बारे सिंड्रोम. आत्ताच ॲडमिट करा."

सोलापूरच्या त्या दवाखान्यात मी तिची सासू म्हणून उभी होते. पलंगावर बसली होती ती ओमानच्या महिला क्रिकेट संघातली सगळ्यात चपळ क्षेत्ररक्षक. हे मी डॉक्टरांना आल्या आल्या सांगितलं होतं. मी ते सगळ्यांनाच सांगते.

जीबीएस म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जंतूंशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती कधीकधी चुकून आपल्या नसांवर तुटून पडते. नसांवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. बहुतेकदा सुरुवात पायांपासून होते आणि अशक्तपणा वर चढत जातो. "कुठवर चढंल?" दीपालीने विचारलं. "छातीपर्यंत चढला तर श्वासाला त्रास होतो. आपण तिथंच लक्ष ठेवणार आहोत," डॉक्टर म्हणाले.

आधी दीपालीविषयी सांगते. ती धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूरची. शाळेत असल्यापासून खो-खो खेळायची, आणि आमच्या जिल्ह्यात खो-खो खेळणाऱ्या मुलीला लोक नावाने ओळखतात. लग्न होऊन माझ्या मुलाबरोबर, प्रशांतबरोबर, मस्कतला गेली तेव्हा तिने आयुष्यात धड बॅटही धरली नव्हती. तिथे एका बालवाडीत नोकरी धरली. सुट्टीच्या दिवशी नवऱ्यांचं क्रिकेट चाललेलं असताना बायका डबे उघडून बसायच्या. एकदा चेंडू त्यांच्या बाजूने सीमेकडे निघाला आणि ही हातातली पोळी टाकून खो-खोत खांबापाशी झेपावतात तशी झेपावली. चेंडू अडवला, शिवाय थेट फेकीत यष्टीही उडवली. पाहणाऱ्यांत महिला संघाचे प्रशिक्षक होते.

ओमानसारख्या देशांच्या संघात नर्स असतात, शिक्षिका असतात, दिवसभर हिशेब लिहून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या असतात. काही वर्षं तिथे राहिलं की त्या देशाकडून खेळता येतं. दीपालीने ती वर्षं फलंदाजी शिकण्यात घालवली आणि पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली तेव्हा मी धाराशिवच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. "ओमान म्हंजी कुठला तालुका?" असं एका शेजाऱ्याने गंभीरपणे विचारलं होतं. त्यालाही पेढा दिला. पुढे तिने पॉइंटला उभं राहून असे काही फलंदाज धावबाद केले की प्रतिस्पर्धी संघ तिच्या बाजूला चोरटी धाव काढेनासे झाले. हे मला प्रशांतने सांगितलं, ती स्वतः कधी सांगत नाही.

आजारी पडली त्या वर्षी ती चुलतबहिणीच्या लग्नाला गावी आली होती. लग्नानंतर पोट बिघडलं, दोन-तीन दिवसांत बरंही झालं. नंतर तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. तशातच गावच्या खो-खोच्या मैदानावरच्या मुलींनी हट्ट धरला, ताई, आमच्यात एक डाव बसा. ती चौकात उकिडवी बसली. मागून खो मिळाला आणि ती उठलीच नाही. मुली हसल्या, मीही हसले. "खजूर लई अंगाला लागलं वाटतं," कुणीतरी म्हणालं. दीपाली हात टेकून उठली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

आम्ही दोन दिवस तेल लावून मालिश केली. हे माझ्या वाचकांनी करू नये म्हणून लिहिते आहे. पोट बिघडल्यावर किंवा ताप येऊन गेल्यावर पायांना मुंग्या आल्या, बसल्या जागेवरून उठता येईना, पायरी चढता येईना, तर थेट मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे जा. आम्हाला एसटीची पायरी चढताना कळलं. तिला कंडक्टरने वर ओढून घेतलं.

दवाखान्यात तपासण्या सुरू झाल्या. एनसीव्ही म्हणजे नसांतून विजेचे छोटे झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते पाहणं. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासणं. दोन्हींतून जीबीएसच निघाला. उपचार म्हणजे आयव्हीआयजी: अनेकांनी दिलेल्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं सलाइनसारखी पाच दिवस चढवायची.

आणखी एक तपासणी होती, तिला यंत्र लागत नव्हतं. डॉक्टर दिवसातून दोन-तीनदा येऊन म्हणायचे, "खोल श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे मोजा." आकडा खाली आला की छातीचे स्नायू थकताहेत असं समजायचं, आणि मग आयसीयू.

आता दीपालीचं काय चाललं होतं ते ऐका. तीन महिन्यांवर पात्रता स्पर्धा होती. तिची निवड व्हायची होती. आयुष्यभर तिने शिट्टी वाजली की धाव, आकडा गाठला तर संघात, अशा चाचण्या दिल्या होत्या. ही श्वासाची चाचणीही तिला तसलीच वाटली. पहिल्या दिवशी ती पंचविसाच्या पुढे गेली. दुसऱ्या दिवशी हातातला पेला धरवत नव्हता, तरी आकडा तितकाच. डॉक्टर टिपण करून वळले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. क्रीडास्पर्धा आल्या की बाकीच्या शिक्षिका रांगोळीकडे आणि वक्तृत्वाकडे पळायच्या आणि कबड्डीची शिट्टी माझ्या गळ्यात यायची. चढाई करणारी पोरं "कबड्डी कबड्डी" म्हणता म्हणता कुठे दम चोरतात, ते ऐकण्यात माझी नोकरी गेली. आत्ताच्या मोजणीत दीपालीचा आवाज चौदाला दबला आणि पंधरा एकदम टवटवीत आला.

"डॉक्टर, तिने मध्येच श्वास घेतला," मी म्हणाले.

"आत्या, गप बसा की," दीपाली म्हणाली. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात.

"मलाही शंका होती," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि पुन्हा मोजायला सांगितलं. या वेळी ती बाराला थांबली.

"ही परीक्षा पास व्हायची नसते, दीपाली," ते शांतपणे म्हणाले.

"आयसीयूत नेलं की माझी निवड गेली, डॉक्टर. म्या लई वर्षं वाट बघितलीय."

"श्वास थांबला तर निवड कोणाची करतील?"

तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिने मला विचारलं, "आत्या, तुमी माझ्या बाजूच्या का त्यांच्या?" मी म्हणाले, "पंच कुणाच्याच बाजूचा नसतो." आयसीयूचं दार बंद झालं आणि मी तिथल्या बाकड्यावर बसून पदर तोंडात धरून रडले. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला व्हेंटिलेटर लागला. व्हेंटिलेटर म्हणजे घशातल्या नळीतून श्वास देणारं यंत्र. आणखी काही तास वॉर्डातच राहिली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी प्रशांतला बाजूला घेऊन सांगितलं. प्रशांत मिळेल त्या पहिल्या विमानाने आला होता. मला त्याने ते बरेच दिवस सांगितलं नाही.

तिला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं, फक्त हलता येत नव्हतं. मी आत गेले की ती डोळे मिटून घ्यायची. रागावली होती. मी तरी रोज जायचे आणि तिच्या संघाची बातमी वाचून दाखवायचे. राग धरायला ताकद लागते, तेवढी आहे तर बरंच आहे, असं मी मनाशी म्हणायचे.

दोन आठवड्यांनी नळी निघाली. घसा बसलेला. तिने मला जवळ बोलावलं. "आत्या, घरी गेल्यावं एक सांगू नगा कुणाला."

"काय गं?"

"म्या दम चोरला ते."

हे मी आता तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

खरा खेळ तिथून पुढे होता. नस रोज जेमतेम मिलिमीटरभर पुन्हा वाढते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणजे व्यायामाने स्नायू पुन्हा कामाला लावणारी मुलगी रोज घरी यायची. तिने आधीच ताकीद दिली, या आजारात थकेपर्यंत व्यायाम केला तर स्नायू उलट आणखी कमजोर होतात. जिने आयुष्यभर थकेपर्यंतच सराव केला होता, तिला थांबायला सांगितलं. मला वाटलं, हे काही हिला जमायचं नाही. पण दीपाली सांगितलं तेवढंच करून थांबायची, डोळ्यांत पाणी यायचं, तरी थांबायची. तिचे झेल मी पाहिले आहेत, पण मला तिचं कौतुक वाटतं ते या थांबण्याचं.

पात्रता स्पर्धा तिच्याविना झाली. ती पलंगावर पडून मोबाइलवर पाहायची आणि क्षेत्ररक्षण कसं लावायला हवं ते भिंतीला सांगायची. संघ हरला त्या दिवशी जेवली नाही. मी रागावले नाही.

काठी सुटली, मग पावलाला आधार देणारी पट्टी सुटली. उजवं पाऊल मात्र थोडं जड राहिलं, ते आता तसंच राहील असं डॉक्टर म्हणतात. ती मस्कतला परतली, सरावाला लागली. ज्यांच्या रक्ताने तिला उभं केलं ती माणसं कोण, कुठली, मला कधीच कळणार नाही. ती कुठेही असोत, सुखात असोत. त्या फिजिओ मुलीचंही भलं होवो, तिने माझ्या सुनेला दम खायला शिकवलं.

वर्ष उलटून गेल्यावर तिची पुन्हा निवड झाली. पॉइंटला नाही, आता ती स्लिपमध्ये उभी राहते, तिथे धावावं कमी लागतं. त्या सामन्याचं थेट प्रक्षेपण मोबाइलवर होतं. गल्लीतल्या बायका माझ्याकडे जमल्या होत्या. दीपाली सातव्या क्रमांकावर आली. एक चेंडू कव्हरकडे ढकलून धावली. पहिली धाव झाली, दुसरीला वळली आणि उजवं पाऊल मागे राहिलं. धावबाद. जिने आयुष्यभर दुसऱ्यांना धावबाद केलं, ती स्वतः हातभराने कमी पडली.

इंग्रजीत बोलणारा समालोचक हळहळला. बायका चुकचुकल्या. कॅमेरा तिच्या मागोमाग होता. ती बॅट काखेत धरून, खेळपट्टीपासून थेट सीमारेषेपर्यंत, कुणाचा हात न धरता एकटी चालत निघाली. मी तिच्या पायांकडे पाहत होते. एक पाऊल, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.

मी टाळ्या वाजवायला लागले. शेजारीण म्हणाली, "अवो बाई, औट झालीया ती."

"व्हय," मी म्हणाले, "चालत चाललीय."