निळ्या धुराचं निदान

लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि ते त्याला गोडही लागायचं. त्याच्या गॅरेजच्या फाटकातून ट्रक आत येतानाच तो खुर्चीत बसल्या बसल्या मागचा धूर बघायचा आणि हातातला चहाचा कप खाली न ठेवता निकाल देऊन मोकळा व्हायचा. काळा धूर असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. पांढरा असेल तर डिझेल नीट जळत नाही, नाहीतर पाणी आत शिरलंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. ही तीन वाक्यं कुणीही दुपारभरात पाठ करील, पण डॉक्टर ती अशा थाटात टाकायचा की समोरचा ड्रायव्हर मान खाली घालून ऐकायचा.

हा थाट कुठून आला ते आता तो स्वतःच सांगतो. "तीस वर्षांत माझी जी निदानं बरोबर आली ती लोकांनी लक्षात ठेवली. जी चुकली ती मी विसरलो. मोठं नाव असंच होतं." त्याची बायको मात्र या नावाला कधीच भुलली नाही. "जगाच्या धुराचा रंग ओळखता," ती म्हणायची, "आणि शेगडीवर दूध करपलं तर तुमच्या नाकाला पत्ता नसतो."

डॉक्टरची धाकटी बहीण ट्रक चालवायची. ट्रक तिचा स्वतःचा होता. घेतला तेव्हाच तो अर्धं आयुष्य पळून आलेला होता आणि आता त्याच्या मीटरवर साडेआठ लाख किलोमीटर उमटले होते. नवरा गेल्यावर तिने दोन मुली याच ट्रकवर वाढवल्या. रस्त्यावरचे लोक आधी बाई चालवतेय म्हणून हसले, मग तिला उलट्या गिअरमध्ये बोळातून ट्रक बाहेर काढताना बघून गप्प बसले. हा ट्रक गेला तर आपली बहीण दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर होणार, हे डॉक्टरला ठाऊक होतं.

एका सोमवारी तोच ट्रक फाटकातून आत आला आणि मागे निळ्या धुराचा लोट. आठ दिवसांनी धुराची सरकारी तपासणी होती.

"रिंगा गेल्या," डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाला.

"दादा, जवळ येऊन बघ तरी."

"जवळ येऊन काय वेगळं दिसणार? निळा धूर आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, ऑइल वर चढून जळतंय. साडेआठ लाख झाले. एवढं चालल्यावर माणसाचेही गुडघे जातात."

"पण असं एकदम? महिन्यापूर्वी तूच सर्व्हिसिंग केलंस. तोवर धुराचं नाव नव्हतं."

हे वाक्य डॉक्टरच्या कानावर पडलं, पण डोक्यापर्यंत गेलं नाही. पेशंटचे नातेवाईक असं काहीबाही बोलतच असतात, मनावर घ्यायचं नसतं, असं त्याला वाटलं. आज ते आठवलं की तो कपाळावर हात मारून घेतो. सगळा रोग तिने एका वाक्यात सांगितला होता आणि डॉक्टर चहा फुंकत होता.

बहीण बोनेटला टेकली. अख्खं इंजिन नव्याने बांधायचं तर ते ट्रकच्या किमतीपलीकडे जाणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "मग तो भंगारवाला कधीचा गाडी मागतोय, त्याला देऊन टाकते," ती म्हणाली. "आणि वखारवाल्यांना ड्रायव्हर हवाच आहे. तिथे लागते." तिने हे भाजीचा भाव सांगावा इतक्या साधेपणाने सांगितलं, आणि डॉक्टरला फार वाईट वाटलं.

"घाई करू नकोस," तो म्हणाला. "आधी खात्री करू."

खात्री म्हणजे आपलं म्हणणं खरं ठरवणं, एवढाच अर्थ त्याला माहीत होता. त्याने सहाही सिलिंडरचा दाब मोजला. रिंगा गेल्या असत्या तर काटा खाली राहिला असता. सहाच्या सहा ठिकाणी काटा जिथे असायला हवा तिथे जाऊन उभा राहिला. डॉक्टरने काट्याकडे संशयाने बघितलं, मीटर मांडीवर आपटलं आणि पुन्हा मोजलं. काटा पुन्हा तिथेच. "मीटर बिघडलंय," त्याने जाहीर केलं आणि शेजारच्या गॅरेजमधून दुसरं मीटर आणलं. तेही त्याच्या दृष्टीने बिघडलेलंच निघालं.

मग त्याने इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो उघडला. आतल्या पाइपला ऑइलचा ओला थर होता. डॉक्टरची कळी खुलली. पण टर्बोचा दांडा हलवून बघितला तर तो तसूभरही हलेना. झिजलेला टर्बो असा ताठ नसतो. दाब चांगला, टर्बो चांगला, तरी ऑइल जळतंय. कुणाही शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. डॉक्टरने शनिवारपर्यंत घोळ घातला आणि मग इंजिनच खोलायचं ठरवलं. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत.

इंजिन खोलायचं तर आधी ऑइल काढायला हवं. त्याने खाली नेहमीचा ट्रे सरकवला. या इंजिनात अठरा लिटर ऑइल मावतं आणि ट्रे वीसचा होता. त्याने बोल्ट सोडला आणि बहिणीशी बोलत उभा राहिला. ट्रे भरला. धार काही थांबेना. ऑइल काठावरून ओसंडून फरशीवर आलं, डॉक्टरच्या चपलेत शिरलं आणि तिथून बहिणीच्या पायांपर्यंत गेलं.

"दादा, इतकं ऑइल आलं कुठून?"

डॉक्टरने ऑइल मोजायची पट्टी उपसली आणि हातात धरून बघत राहिला.

गेल्या सर्व्हिसिंगला मूळ पट्टी मधेच तुटली होती. नवी मागवायला दोन दिवस गेले असते. त्याने भंगाराच्या खणातून एक पट्टी काढली, नळीत घालून बघितली आणि ती चपखल बसली. बसली म्हणजे तीच, हा धंद्यातला जुना शहाणपणा. पण ती एका लहान इंजिनाची पट्टी होती आणि चांगली चार बोटं आखूड होती. तिच्या खुणेला ऑइल लागावं म्हणून डॉक्टर ओतत गेला, ओतत गेला. नेहमीपेक्षा जास्त जातंय हे त्याला तेव्हा दिसलंही होतं. "म्हातारं इंजिन आहे, पितं जरा जास्त," असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसलाही होता. तळाशी ऑइल इतकं तुंबलं की टर्बोतलं ऑइल खाली उतरेना, आणि उतरेना म्हणून ते इंजिनात जाऊन जळायला लागलं. ऑइल जळतंय हे त्याने बरोबर ओळखलं होतं. ते तिथे घातलं कुणी, एवढंच ओळखायचं राहिलं होतं.

"दादा?"

"डिझेल मिसळलंय ऑइलमध्ये," डॉक्टरच्या तोंडून गेलं. "पंप गळत असणार." हा आजार इभ्रतीचा होता. पंप कुणाचाही गळतो.

"म्हणजे रिंगा आणि वर पंपसुद्धा?"

"तसंच दिसतंय."

बहिणीने फडक्याला हात पुसले, फोन काढला आणि भंगारवाल्याला लावला. "हो, मीच बोलतेय. गाडी घेऊन जा. उद्या सकाळीच या. हो, आहे तशीच."

डॉक्टरला तोंड उघडायला तीन-चार सेकंद लागले. तेवढ्यात ट्रक जवळजवळ विकला गेला होता.

"थांब," तो म्हणाला. "त्याला थांब म्हण. डिझेलबिझेल काही नाही. मी खोटं बोललो."

"मागाहून बोलते," असं म्हणून तिने फोन बंद केला. डॉक्टरने ती आखूड पट्टी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, चहा फुंकत बसण्यासकट. तिने ऐकून घेतलं. ती हसली असती, ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"सोमवारपासून मला झोप नाही," ती म्हणाली. "मोठीला सांगून बसले, पुढच्या वर्षीच्या कॉलेजचं जमेलसं वाटत नाही म्हणून. ती माझ्यासमोर रडलीसुद्धा नाही."

डॉक्टर उठला, मोटारसायकलवरून स्वतः दुकानात गेला आणि खरी पट्टी घेऊन आला. टर्बोचे पाइप पुसले, सगळं पुन्हा जोडलं. लिटरचं माप घेऊन अठरा मापं ऑइल ओतलं, प्रत्येक माप मोठ्याने मोजत, कारण बहीण शेजारी उभी राहून ऐकत होती. चावी फिरवली. धूर निळाच आला. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळून जायला वेळ लागतो हे त्याने दुसऱ्या कुणालाही ऐटीत सांगितलं असतं. त्या दिवशी तो खुर्चीवर न बसता सायलेन्सरपाशी उकिडवा बसून राहिला. पंधरा मिनिटांनी धूर विरळ झाला. अर्ध्या तासाने नळीच्या तोंडाशी नुसती गरम हवा थरथरत होती.

तेवढ्यात भंगारवाल्याचा फोन आला. हा माणूस रोज सकाळी पंधरा गॅरेजं फिरायचा, त्यामुळे त्याच्या कानात घातलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या रस्त्याला ठाऊक व्हायची. बहिणीने फोन डॉक्टरपुढे धरला.

"तू बोल."

"काय सांगू?"

"झालं ते."

विचार बदलला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ती दाराच्या दांडीला हात लावून उभी होती आणि केबिनमध्ये चढत नव्हती.

"ट्रक द्यायचा नाही," डॉक्टर फोनवर म्हणाला. "नाही हो, इंजिन ठणठणीत आहे. ऑइलची पट्टी चुकीची घातली गेली होती." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. डॉक्टरने बहिणीकडे बघितलं.

"मी," तो म्हणाला. "मी घातली."

तेव्हा कुठे ती वर चढली आणि तिने दार ओढून घेतलं.