विषाचा पत्ता

काचेची नळी उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि लाडानं विचारायचं, "सांग की बाई, विष कुठं ठेवलंस?" आमच्या डॉक्टरसाहेबांची सकाळ अशी सुरू व्हायची.

पन्नासचं दशक संपत आलेलं. पिंपरीच्या एका प्रयोगशाळेत मी काचसामान सांभाळत होतो, म्हणजे फोडत होतो. (ही गोष्ट काढली की आमच्या घरातली माणसं उठून जातात. तुम्ही बसा.)

डॉक्टरसाहेब कुरुळीचे. परदेशात शिकले, पण जिभेवरचं गाव उतरलं नव्हतं.

"जंतूच्या पोटात गुणांची रांग असती," ते समजावत. "विषारी आन् गरीब जंतू एकत्र सोडायचे, जोडी जमती. गुण एकामागं एक पलीकडं जात्यात. मधीच घुसळून जोडी तोडायची आन् काय पोचलं ते बघायचं. मग रांगेत विष कितवं, ते कळतं."

"कळून काय करायचं?"

"हगवणीनं पोरं मरत्यात, राव. चोराचा पत्ता नको?"

हा रांगेचा नकाशा जमला तर प्रयोगशाळेचे मोठे साहेब आमची प्रयोगाची खोली त्यांना कायमची देणार होते. नाहीतर पलीकडच्या हॉलमध्ये औषधाच्या बाटल्या तपासत बसायचं.

आणि जमला! "विष पहिलंच! कितीबी लवकर तोडा, ते आधीच पोचल्यालं!" त्यांनी मला धरून फुगडी घातली. एक चंबू फुटला. तो मी फोडला नव्हता, म्हणून मलाही आनंद झाला.

साहेब पाहायला आले. डॉक्टरसाहेबांनी कालचा चंबू ओतून टाकला, तळाशी घोटभर ठेवलं आणि त्यावरच आजचे जंतू सोडले.

"तळाशी काय ठेवलंत?"

"विरजण," ते सहज म्हणाले. "आमच्यात भांडं समदं रितं करत न्हाईत..."

आणि थांबले. आदल्या दिवशीचे विषारी झालेले जंतू रोज तळाशीच बसलेले!

"म्हंजी विष पळत न्हवतं," ते हळूच म्हणाले. "मीच नेऊन सोडत हुतो."

साहेबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. खांदे हसत होते. पण खोली गेली.

बाटल्यांत त्यांचं मन रमलं नाही. लांबच्या कॉलेजात मास्तरकी मिळाली. एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून मान काढली.

"अहो, चुकीचा का होईना, जंतूचा नकाशा हितं पयला आमीच काढला. व्हय का न्हाई?"

"व्हय!" मी ओरडलो आणि टाळ्या वाजवल्या. काही न कळता स्टँडवरच्या लोकांनीही वाजवल्या. गाडी वळेपर्यंत डॉक्टरसाहेब सगळ्यांना वाकून नमस्कार करत होते.