डिस्कची वाटणी करताना आलेली हाक

भूत, करणी, अंगात येणं यातलं मला कधी काही पटलं नाही. आजही पटत नाही. आमच्या बोळात कोणाला काही दिसलं, कोणाला काही भासलं की बाया दुपारभर तेच बोलत बसतात. मी मुकाट्याने उठून घरी येते. पण ही गोष्ट माझ्याच घरात घडली, लख्ख उन्हात, आणि माझ्याच कानांनी मी ती ऐकली... पायल म्हणाली, "माय, लिहून ठेव तू. तोंडानं तर तू कोनाले सांगनारच नाई." ते खरं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. लिहिताना मात्र समोर कोणी बघत नसतं.

आम्ही सिंदी रेल्वेला राहतो. स्टेशनवरून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला एक बोळ लागतो, त्यात आमच्या दोन खोल्या. पुढे टिनाखालची ओसरी, मागे न्हाणी आणि पेरूचं झाड. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल आहे आणि त्यावर कॉम्प्युटर.

तो कॉम्प्युटर पायलच्या बाबांचा. यांचा धंदा अनाउन्समेंटचा. ऑटोवर भोंगा बांधून हे गावोगाव फिरायचे. पोलिओचा डोज, तान्हा पोळ्याची मिरवणूक, उद्या नळ येणार नाही, अमक्याचं दुःखद निधन झालं... सगळं यांच्याच आवाजात. बाजारात मला लोक नावाने ओळखत नसत. "भोंगेवाल्या भाऊची बायको" म्हणत. पुढे दिवसभर ओरडून घसा बसायला लागला, तेव्हा यांनी जुना कॉम्प्युटर घेतला, माईक आणला आणि घरी बसूनच आवाज भरू लागले. आवाज भरताना खिडकी बंद, पंखा बंद, आणि आम्ही दोघी मायलेकी मागच्या अंगणात.

तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र यांचा कधी सुटला नाही. गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि घशातला आवाजाचा भागच काढावा लागला. जीव वाचला. आता गळ्याला एक भोक आहे, त्यावर पातळ फडकं बांधतात. आवाज नाही, कुजबुजसुद्धा नाही. काही हवं असलं की स्टीलचा ग्लास खाटेच्या पायावर वाजवतात. लिहून दाखवायचा त्यांना राग येतो.

ऑपरेशनच्या खर्चात भोंगा गेला, माईक गेला, स्पीकरही गेले. कॉम्प्युटर तेवढा राहिला, पण तोही चालू होईना. दुरुस्ती करणाऱ्याने त्यात विंडोजऐवजी चालणारी लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम टाकून दिली आणि सांगितलं, "चालू झाला, पन जुनं काही भेटलं नाई." हे तिथेच उभे होते. खांद्यावरच्या दुपट्ट्याने मॉनिटर पुसला आणि बाहेर निघून गेले. मी चुलीपुढे बसून खूप रडले, कोणाला दिसू न देता. आमच्या लग्नाची शूटिंग नाही. आमचा मोबाईल तेव्हा साधा होता. इतकी वर्षं साऱ्या तालुक्याने ऐकलेला तो आवाज, आणि माझ्याकडे त्यातला एक शब्दही शिल्लक नव्हता.

आता एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या माहेरी शिकवण होती की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. कोण बोलावतं आहे ते माहीत नसतं, माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. मी यात देवाधर्माचं काही मानत नाही, पण लहानपणी लागलेलं वळण जात नाही. लग्न होऊन आले तरी मी दुसऱ्या हाकेलाच उठायची. हे चिडवायचे, "देव पावते एका हाकेत, पन पायलची माय नाई पावत!" पायलची माय... पायल झाल्यापासून माझं नाव हेच. आणि तसं मला यांच्याशिवाय कोणी म्हणत नाही.

तर ती दुपार. पायल वर्ध्याला कॉलेजात जाते. तिला एक प्रोजेक्ट करायचं होतं आणि कॉम्प्युटर सारखा सांगायचा की जागा संपली.

"आत डिस्क आहे न माय, तिचे दोन भाग आहेत," तिने मला समजावलं. "एका भागात लिनक्स आहे, तो भरला. दुसरा भाग उगाच पडून आहे. बिघडलेला आहे. क्लिक केलं का एररच येते. तो काढून टाकतो आन त्याची जागा याले देतो."

"म्हनजे वावराची वाटनी," मी म्हटलं.

"हाव! आन मी पटवारी."

त्या कामाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जीपार्टेड त्याचं नाव. पायलने एक काळी खिडकी उघडली, त्यात एक ओळ लिहिली. पासवर्ड विचारला. ती टाइप करत होती पण पडद्यावर काहीच उमटत नव्हतं.

"वं, उठून नाई राह्यलं त्यात काही."

"तसंच असते माय. पासवर्ड दिसू नाई देत. तू लाजतेस न, तसंच ते."

मग भराभर ओळी धावल्या. जरा वेळाने एक नवीन चौकट उघडली. वरती एक आडवी रंगीत पट्टी, तिचे दोन तुकडे. खाली दोघांची नावं. पहिल्याच्या बाजूला किल्लीची खूण होती, म्हणजे तो वापरात आहे. दुसऱ्याच्या बाजूला पिवळा त्रिकोण. पायलने दुसऱ्यावर क्लिक करून डिलीट म्हटलं, पहिला ओढून मोठा केला.

"झालं?"

"नाई, आत्ता नुसतं ठरवलं. हे हिरवं टिकमार्क दाबलं का खरं होते. मंग वापस नाई येत."

तिने ते दाबलं. कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, नक्की का, माहिती जाऊ शकते. पायलने बाण अप्लायवर नेला. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. हातात तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप होतं.

तेव्हा हाक आली.

"पायलची माऽऽय..."

मोठी नाही, घाबरलेलीही नाही. घरात काही मागताना हे मारायचे तशी. 'माय'वर जरा रेंगाळलेली. ती माझ्या पाठीमागून आली, ओसरीच्या बाजूने... आणि मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. पहिल्याच हाकेला ओ दिली. साधी नाही, ओरडून दिली. "ओऽऽ! आली!" हातातलं सूप खाली पडलं, शेंगा सगळीकडे.

पायल दचकून वळली. माउसवरचा हात निघाला.

"काय झालं वं माय? कोनाले ओ देल्ली?"

"तुह्या बाबानं हाक मारली."

ती खुर्चीवरून उठली. "माय... बाबा कशी हाक मारतीन?"

मी ओसरीत धावले. हे खाटेवर बसून शेंगा सोलत होते. ग्लास खाली, हातात शेंग. माझ्या ओरडण्यामुळेच त्यांनी मान वर केली होती. मी विचारलं, "तुमी बलावलं?" त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. मग गळ्याकडे बोट केलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यात कुंपणावरून शेजारची कमला डोकावली.

"काय वं बाई! तुह्या तोंडून असा आवाज निंघते, मले आजच समजलं. कोन आलं?"

"तू काही आयकलं का, कमला? मायी ओ द्यायच्या आंधी?"

"नाई वं. नुसती तुयीच ओ. मले वाटलं साप निंघाला."

पायलनेही काही ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, भास असेल, तू थकली आहेस. मीही तेच म्हटलं असतं. पण मला एकच सुचत होतं. मी तिला म्हटलं, "ते दाबू नको आत्ता."

"काऊन?"

"मले नाई मालूम काऊन. पयले त्या भागात पाहून घे."

"अवं माय, तो उघडतच नाई."

"मंग उघडन्याचं पाय."

मी असं ठासून कधी बोलत नाही, म्हणून असेल, तिने ऐकलं. कॅन्सल केलं. तिच्या क्लासच्या सरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, जुनं विंडोज नीट बंद न होताच बिघडलं होतं का? मग तो भाग रिकामा नसेलही, नुसता अडकलेला असेल. त्यांनी एक ओळ सांगितली, तिने लिहिली. आणि तो भाग उघडला.

आत फोटोंचं एक फोल्डर होतं, लग्नपत्रिका होत्या, आणि एका फोल्डरमध्ये यांनी भरलेले आवाज होते. सगळे. पायल एकेकाचं नाव मोठ्याने वाचू लागली.

कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते, म्हणून तिने पेन ड्राइव्हवरून एक आवाज मोबाईलमध्ये घेतला. तान्हा पोळ्याचा निघाला. "समस्त बालगोपालांनी आपापले नंदी सजवून..." पायल लहानपणी मान डोलवत म्हणायची तीच अनाउन्समेंट. ती संपली, पण यांनी रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "पायलची माऽऽय..." थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा, "पायलची माय, पानी आनजो वं!" आणि लांबून, मागच्या अंगणातून, माझी बारीक ओ.

त्यातली पहिली हाक मी ऐकली होती. तीच. तोच रेंगाळलेला 'माय'. मी पायलला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, तो भाग तर उघडलेलाच नव्हता, आणि स्पीकरही नाही. आवाज येईल कुठून?

खरा प्रसंग पुढेच होता. यांना सांगायचं कसं? मला वाटलं, खूश होतील. पायलने ओसरीत जाऊन मोबाईल त्यांच्यासमोर धरला. पहिले दोन शब्द आले आणि यांनी तिच्या हाताला झटका दिला. मोबाईल खाटेवर पडला, बोलतच राहिला. यांनी कान झाकले. मग पायलकडे बघून हवेत हात आडवा फिरवला... पुसून टाक.

"बाबा, असं नोका करू न," पायल रडायला लागली.

पुन्हा तोच हात. पुसून टाक.

मी आजवर यांच्या शब्दाबाहेर गेले नाही. शब्द नव्हते तेव्हा हाताच्या खुणेबाहेरही नाही. पण मी मोबाईल उचलला, आवाज बंद केला आणि म्हटलं, "तुमाले नाई आयकाचं तर नोका आयकू. पुसनार नाई. तो आवाज एकट्या तुमचा नाई."  यांनी कानांवरचे हात काढले. मग मान फिरवून शेंगा सोलू लागले.

पायलने नंतर ती वाटणी केली. आवाजाचा भाग थोडा लहान केला, उरलेली जागा तिच्या लिनक्सला दिली. पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलंय, आता पूर्ण काढला तरी चालेल, असं ती म्हणते. मी नको म्हणते. पट्टीवर त्याचा तुकडा तसाच आहे.

मी खूप विचार केला. पायलने सरांना सांगितलं, तर ते म्हणाले की मनात खोल काही असलं की कान ऐकतात. असेल. पण माझ्या मनाला कुठे ठाऊक होतं त्या तुकड्यात काय आहे? आणि हाक मारली म्हणावं, तर कोणी? यांना तर तो आवाज नकोच होता. आता मी हे कोणाला विचारत नाही.

परवा मी बाजारातून आले तर हे खाटेवर नव्हते. मागे गेले. पेरूच्या झाडाला टेकून बसले होते, कानात पायलचा इअरफोन, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. जोराने, भोंग्यावर बोलताना हलायचे तसे, मध्ये श्वास घ्यायच्या जागी थांबत. वाऱ्याने हलणाऱ्या पानांशिवाय मला काही ऐकू येत नव्हतं. मी पिशवी हळूच खाली ठेवली आणि यांचं पूर्ण होईपर्यंत दारातच उभी राहिले.